बाजार तापलेला दिसतोय? विकायला बसण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

निर्देशांक नवनवे उच्चांक गाठू लागला की घरोघरी दोन प्रश्न निघतात. सगळं विकून टाकू का? की अजून थोडं थांबू? दोन्हींचं उत्तर बाजार कधी पडेल यावर अवलंबून आहे आणि ते कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अतिउत्साहाबद्दल जाहीर शंका घेतली होती. तो बाजार मार्च २००० पर्यंत चढतच राहिला.

तरीही हातात काहीच नाही असं नाही. माझ्या पाहण्यात लोकांचं नुकसान बाजाराचा अंदाज चुकल्याने होतं त्याहून जास्त कामांचा क्रम चुकल्याने होतं. आधी विकतात, मग पैसे कुठे ठेवायचे ते शोधतात, कराचा हिशेब पुढच्या जुलैत रिटर्न भरताना करतात आणि पैसे नेमके कशासाठी होते हा प्रश्न शेवटी विचारतात. खालचे टप्पे याच्या जवळपास उलट क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

सोयीसाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नाशिकचं जोडपं, दोघंही नोकरीत, वय पंचेचाळिशीच्या आसपास, मुलगी अकरावीत. त्यांचे आकडे पुढे येत राहतील. त्या जागी तुमचे घाला.

## टप्पा १: तापमान मोजण्यात महिना घालवू नका

हे काम एका संध्याकाळचं. निफ्टीचा पीई, म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, एनएसईच्या (राष्ट्रीय शेअरबाजाराच्या) संकेतस्थळावर रोज मिळतो. तो बघताना बहुतेक जण एक चूक करतात: आजचा आकडा २०१५ किंवा २०१८ च्या आकड्याशी थेट ताडून पाहतात. एनएसईने २०२१ च्या मार्चअखेरपासून पीई काढताना कंपन्यांचा उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. त्याआधी फक्त मूळ कंपनीचा नफा धरला जायचा. पद्धत बदलताच पीई एका झटक्यात खाली दिसू लागला. म्हणजे आजचा २३ आणि २०१५ चा २३ या एक गोष्ट नव्हेत. जुना तक्ता दाखवून ‘बाजार अजून स्वस्तच आहे’ सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश याच फटीतून निघतात.

दुसरी खूण आकड्यांपेक्षा बोलकी असते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या दोन शोरूम आणि जेमतेम आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्याने १२ कोटींचा एसएमई आयपीओ, म्हणजे छोट्या कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री, आणला आणि तो चारशे पटींहून जास्त भरला. असं काही वाचलं की बाजार तापलाय हे कळायला तक्ता लागत नाही.

इशारा: तापलाय म्हणजे लगेच पडणार असं नव्हे. या टप्प्यातून एकच निष्कर्ष घ्यायचा: आता चूक झाली तर ती महागात पडेल. काय विकायचं हे इथे ठरत नाही.

## टप्पा २: सगळं एका कागदावर

म्युच्युअल फंड आणि डीमॅटमधले शेअर यांचं एकत्रित खातेपत्रक, ज्याला सगळे सीएएस म्हणतात, पॅनवर ईमेलने मिळतं. त्यात पीएफचं पासबुक, पीपीएफ, एफडी, पोस्टाच्या योजना आणि सोनं जोडा. आपल्या जोडप्याचा कागद असा दिसतो:

- शेअरबाजाराशी जोडलेले म्युच्युअल फंड: ३८ लाख
- थेट घेतलेले शेअर: १४ लाख
- दोघांचा पीएफ: १६ लाख
- पीपीएफ: ९ लाख
- एफडी: ६ लाख
- सोन्याचे ईटीएफ आणि वेढणी: ५ लाख
- बचत खातं: २ लाख

एकूण ९० लाख, त्यातले ५२ लाख शेअरबाजारात. म्हणजे जवळपास ५८ टक्के. अंगावरचे दागिने आणि राहतं घर यात धरायचं नाही. मुलीच्या फीसाठी मंगळसूत्र मोडायची किंवा घर विकायची तयारी असेल तर धरा, एरवी नको.

पीएफ मात्र धरायचाच. ‘माझे सगळेच पैसे बाजारात आहेत’ म्हणून घाबरणाऱ्या नोकरदाराच्या पीएफमध्ये बरेचदा मोठी रक्कम शांतपणे पडलेली असते, आणि तिच्यामुळे चित्र एकदम बदलतं.

आता ५२ लाखांची फोड करा. समजा त्यातले २४ लाख स्मॉलकॅप आणि मिडकॅपमध्ये, म्हणजे छोट्या आणि मध्यम कंपन्यांत, आहेत आणि २८ लाख मोठ्या कंपन्यांत. मोठ्या कंपन्या ३० टक्के आणि छोट्या ५० टक्के पडल्या तर? अनुक्रमे ८.४ आणि १२, मिळून २०.४ लाख गेले. हे अतिरंजित नाही. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर होता आणि त्याच ऑक्टोबरअखेर साडेआठ हजारांच्याही खाली जाऊन आला.

तपासा: तो आकडा घरात मोठ्याने बोला. वीस लाख. या जोडप्याची वर्षाची बचत चार लाख असेल, तर पाच वर्षांची बचत कागदावरून पुसली गेली. हे ऐकून जोडीदाराचा चेहरा उतरला तर ती माहिती कुठल्याही पीईपेक्षा कामाची आहे.

## टप्पा ३: पाच वर्षांत लागणारे पैसे वेगळे काढा

सगळ्या लेखात एकच टप्पा नीट करायचा असेल तर हा करा.

पुढच्या पाच वर्षांत नक्की लागणारी प्रत्येक मोठी रक्कम, साधारण महिन्यासकट लिहून काढा: प्रवेशाची फी, लग्न, घराचं डाऊन पेमेंट, आईवडिलांचं ठरलेलं ऑपरेशन, मुदत संपणारी नोकरी. आपल्या जोडप्याला मुलीच्या शिक्षणासाठी साधारण १६ लाख लागतील, पहिला हप्ता दीड वर्षाने. अडीनडीसाठी सहा महिन्यांचा खर्च, कर्जाचे हप्ते धरून महिना ७० हजार म्हणजे ४.२ लाख. बेरीज २०.२ लाख.

बाजाराशी संबंध नसलेले आणि हाताशी असलेले पैसे किती? एफडी ६ आणि बचत खातं २, मिळून ८ लाख. पीएफ आणि पीपीएफ निवृत्तीचे आहेत, ते इथे मोजू नका. तुटवडा १२.२ लाख.

झालं. या कुटुंबाने बाजारातून साधारण १२ लाख काढायचे आहेत. हा आकडा काढताना बाजार वर जाणार की खाली हा प्रश्न एकदाही आला नाही. निफ्टी स्वस्त असता तरी हे १२ लाख तिथे असायला नको होते. तेजीने ते चांगल्या भावात बाहेर काढायची संधी दिली इतकंच. काढल्यावर बाजारात ४० लाख उरतील, एकूण रकमेच्या साधारण ४५ टक्के. हेच त्यांचं लक्ष्य.

यात नेहमी होणारी चूक अशी: लोक टक्क्यांपासून सुरुवात करतात. ‘शंभर वजा वय’ किंवा ‘मित्राने ३० टक्के काढले, मीही काढतो.’ मित्राची मुलगी अकरावीत आहे का?

तुमचा तुटवडा शून्य निघाला, पैसे दहा-बारा वर्षं लागणार नसतील आणि टप्पा २ मधला आकडा ऐकून झोप उडाली नसेल, तर तुमचं काम जवळपास संपलं. विकण्याची गरज नाही. फक्त टप्पा ५ आणि ९ वाचा.

इशारा: मुदत विमा आणि आरोग्य विमा नसेल तर आधी तो घ्या. बाजार पडल्यावर पैसे पुन्हा वाढू शकतात. आयसीयूच्या बिलासाठी तळाच्या भावात विकलेले युनिट परत येत नाहीत.

## टप्पा ४: पैसे कुठे जाणार ते विकण्याआधी ठरवा

इथेच आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येते. मोठी रक्कम बचत खात्यात आली की बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा फोन दोन दिवसांत येतो आणि ‘गॅरंटीड’ शब्द असलेली दहा-बारा वर्षांची विमा योजना पुढे येते. दीड वर्षाने फी भरायची असताना असं काही घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

एफडी. बँकठेवींचा विमा उतरवणाऱ्या डीआयसीजीसीचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि बचत खातं, एफडी, सगळ्या शाखा मिळून ५ लाख. दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तर १० लाख सुरक्षित झाले असं नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सहकारी बँकेत जायचं तर पाच लाखांची मर्यादा व्याजासकट पाळा.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हे संरक्षण मुळीच नाही. पाटीवर ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’ असं काहीही असलं आणि काउंटर हुबेहूब बँकेसारखा असला तरी नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांना विचारा. आणि आठवड्याला परतावा देणाऱ्या योजनांबद्दल काय बोलायचं; दादरच्या टोरेसच्या दुकानाबाहेर जानेवारी २०२५ मध्ये जमलेली गर्दी सगळ्यांनी पाहिली.

सगळी रक्कम एकाच एफडीत टाकू नका. तीन-तीन लाखांच्या चार पावत्या करा आणि प्रत्येकीची मुदत फीच्या तारखेआधी महिनाभर संपेल अशी ठेवा. एखादी मोडावी लागली तर दंड एकाच पावतीवर बसेल.

लिक्विड फंड, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड. वर्षाच्या आत लागणाऱ्या पैशांना ठीक. पहिल्या सात दिवसांत काढले तर किरकोळ एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) लागतो. मात्र नावात ‘क्रेडिट रिस्क’ असलेल्या किंवा परतावा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त असलेल्या कर्जरोखे योजनांपासून लांब राहा. फ्रँकलिन टेम्पलटनने एप्रिल २०२० मध्ये अशा सहा योजना एका रात्रीत बंद केल्या. पैसे पुढे हप्त्यांनी परत मिळाले, पण ज्यांना त्या जूनमध्ये फी भरायची होती त्यांना त्याचा उपयोग नव्हता. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोखे फंडांचा नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच करपात्र होतो; कितीही वर्षं ठेवा.

गृहकर्ज. फीचे पैसे बाजूला काढून काही उरलं तर आधी इकडे बघा. ७ टक्क्यांची एफडी ३० टक्क्यांच्या करटप्प्यात, सेस धरून, हातात जेमतेम ४.८ टक्के देते. कर्ज साडेआठ टक्क्यांचं असेल तर ते फेडणं म्हणजे साडेआठ टक्के खात्रीने वाचवणं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. एकच पथ्य: फेडलेले पैसे परत मागता येत नाहीत, त्यामुळे अडीनडीची रक्कम इथे ओतू नका.

सोनं. शेअर महाग वाटतात म्हणून ते विकून सोनं घ्यायचं, हा सध्याचा आवडता सल्ला. सोन्याने एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. एका तापलेल्या तव्यावरून उठून दुसऱ्यावर बसण्यात शहाणपण कसलं? २०१२ ते २०१८ सोनं जवळपास आहे तिथेच घुटमळत होतं, हेही लोक विसरतात. आधीच ५-१० टक्के असेल तर तेवढं पुरे. आणि दागिना घेऊन घडणावळ व तीन टक्के जीएसटी देत असाल तर ती हौस आहे. हौस जरूर करा, पण ती या कागदावर लिहू नका.

## टप्पा ५: विकायची वाट मोकळी आहे का?

हा टप्पा सगळे गाळतात आणि बाजार पडायला लागला की तेव्हाच अडकतात. शांत बाजारात करायचं काम हे.

फंडाच्या फोलिओला (फंड कंपनीतल्या तुमच्या खात्याला) जोडलेलं बँक खातं चालू आहे का बघा. देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन या बँकांचं २०१९-२० मध्ये विलीनीकरण झालं, आयएफएससी कोड बदलले. जुन्या फोलिओत अजून तेच जुने कोड असतील तर विक्रीचे पैसे अडकू शकतात. खातं बदलायचा अर्ज दिला की फंड कंपनी सुरक्षेसाठी काही दिवस थांबवते. तेवढ्यात घसरण सुरू झाली तर हात चोळत बसायचं.

केवायसीची स्थिती तपासा. मोबाइल आणि ईमेल चालू आहेत ना? डीमॅटमधून शेअर विकताना टीपिन (डीमॅटचा पिन) आणि ओटीपी लागतो. वडिलांच्या खात्याला त्यांचा बंद पडलेला नंबर जोडलेला असणं हे घराघरातलं दृश्य आहे. कपाटात कागदी शेअर सर्टिफिकेटं असतील तर एप्रिल २०१९ पासून ती डीमॅट केल्याशिवाय विकताच येत नाहीत, आणि त्या खटाटोपाला आठवडे नव्हे, कधी कधी महिने लागतात.

कर्जासाठी गहाण टाकलेले युनिट किंवा शेअर आहेत का? ब्रोकरच्या एमटीएफवर, म्हणजे उधारीवर, घेतलेलं काही आहे का? असेल तर आधी ते मोकळं करा. पडत्या बाजारात ते कधी विकायचं हे ब्रोकर ठरवतो, तुम्ही नाही.

तपासा: प्रत्येक फोलिओतून हजार-हजार रुपये काढून बघा. पैसे तीन-चार कामाच्या दिवसांत खात्यात आले तर वाट मोकळी. अडकले तर कुठे अडकले ते आत्ताच कळलं.

## टप्पा ६: आधी काय विकायचं

सर्वसाधारण माणूस नफ्यातलं चांगलं विकतो आणि तोट्यातलं ‘भाव परत आला की बघू’ म्हणून ठेवतो. वर्षभराने त्याच्याकडे फक्त कचरा उरलेला असतो. क्रम असा ठेवा.

पहिले, ज्यांना मंदीत गिऱ्हाईकच मिळणार नाही ते शेअर. टिपवर घेतलेले, एसएमई आयपीओत मिळालेले, दिवसाला जेमतेम काही हजार शेअरची उलाढाल असलेले. असे शेअर पडायला लागले की रोज लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागतं, विक्रेत्यांची रांग दिसते आणि खरेदीदाराच्या रकान्यात शून्य. तेजीत ते विकणं सोपं असतं. म्हणून ते तेजीतच विकायचे. बाजारभावाची ऑर्डर टाकू नका, मर्यादा भावाची टाका आणि गरज पडली तर आठवडाभरात तुकड्यातुकड्यांनी काढा.

दुसरे, प्रमाणाबाहेर फुगलेले स्मॉलकॅप आणि एकाच क्षेत्राचे फंड. मार्च २०२४ पासून फंड कंपन्या आपल्या स्मॉलकॅप आणि मिडकॅप योजनांची तणाव चाचणी दर महिन्याला संकेतस्थळावर टाकतात. पोर्टफोलिओचा निम्मा भाग विकायला किती दिवस लागतील हे त्यात असतं. काही मोठ्या स्मॉलकॅप योजनांचा आकडा महिन्याहून जास्त निघाला होता. तुमच्या योजनेचा आकडा बघून ठेवा. यादीत कुठला फंड वर ठेवायचा ते त्यावरून ठरवता येतं.

तिसरे, एकसारखे फंड. तीन लार्जकॅप फंडांत तेच तीस शेअर असतील तर दोन कमी करा.

शेवटी इंडेक्स फंड आणि मोठ्या कंपन्या. ते कधीही विकता येतात म्हणून शेवटी. ईएलएसएसमधल्या, म्हणजे तीन वर्षं बंद राहणाऱ्या कर वाचवणाऱ्या फंडातल्या, प्रत्येक एसआयपी हप्त्याला स्वतःची तीन वर्षं लागतात, त्यामुळे ‘तीन वर्षं झाली’ म्हणून सगळे युनिट मोकळे होत नाहीत.

बाजार पडला तर फायदा देणारे सौदे करून, म्हणजे पुट घेऊन किंवा निफ्टी शॉर्ट करून, संरक्षण करायचा विचार असेल तर तो सोडा. बाजार नियामक सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (अशा वायदे आणि ऑप्शन सौद्यांतल्या) ९३ टक्के वैयक्तिक सौदेबाजांना तोटा झाला.

## टप्पा ७: कराचा हिशेब, विकण्याआधी

२३ जुलै २०२४ पासूनचे दर असे: शेअर आणि इक्विटी फंड वर्षाहून जास्त ठेवले असतील तर आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाख नफ्यावर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. वर सेस. बहुतेक इक्विटी फंडांना वर्षाच्या आत एक टक्का एक्झिट लोडही असतो. फंडात आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे जुन्या फोलिओत नफा मोठा आणि नव्यात कमी असू शकतो.

आपल्या जोडप्याने १२ लाख काढले आणि त्यात ४.५ लाख दीर्घकालीन नफा निघाला असं समजू. सगळं एकाच्या नावावर, एकाच वर्षात विकलं तर ३.२५ लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ४०,६२५ आणि सेससह ४२,२५० रुपये कर. तेच दोघांच्या नावांवरून, थोडं मार्चमध्ये आणि थोडं एप्रिलमध्ये विकलं तर दोन माणसं गुणिले दोन वर्षं गुणिले सव्वा लाख, म्हणजे पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. कर शून्य. अट एकच: बायकोच्या नावावरची गुंतवणूक तिच्या स्वतःच्या पैशांची हवी. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचा नफा कायद्याने त्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

पण हे मार्च जवळ असेल तेव्हा. आत्ता जून चालू असेल तर ४२ हजार वाचवण्यासाठी फीचे १२ लाख नऊ महिने बाजारात ठेवणं परवडत नाही. दहा टक्क्यांची साधी घसरण आली तरी १.२ लाख गेले. कर हा खर्च आहे. तो भरून मोकळं व्हा.

नेहमीच्या चुका:

- ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ म्हणून निर्धास्त राहणं. नव्या करप्रणालीतली ती सूट शेअरच्या भांडवली नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला लागू नाही.
- रेग्युलरमधून (एजंटमार्फतच्या योजनेतून) डायरेक्ट योजनेत स्विच म्हणजे विक्री नाही असं समजणं. ती विक्रीच असते आणि कर लागतो.
- आगाऊ कर विसरणं. वर्षाचा उरलेला कर दहा हजारांवर जात असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्या लागतात. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे.
- तोटा वाया घालवणं. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेलं काही असेल तर त्या दिवसाचा भाव खरेदीची किंमत म्हणून धरायची सोय आहे. हिशेब सीएकडून करून घ्या. परदेशात असाल तर फंड कंपनी तुमच्या नफ्यातून टीडीएस कापूनच पैसे देईल. अमेरिकेतल्यांनी विकण्याआधी तिथल्या सीपीएशी (कर सल्लागाराशी) बोलावं. भारतीय म्युच्युअल फंडांना तिथे परदेशी फंडांसाठीचे पीएफआयसी नावाचे जाचक करनियम लागतात.

तपासा: कराची रक्कम विक्रीच्या दिवशीच वेगळ्या एफडीत टाकली का?

## टप्पा ८: विक्री

टप्पा ३ मधले पैसे, म्हणजे फी आणि अडीनडीचे, ताबडतोब काढा. फार तर दोन भागांत. ‘अजून पाच टक्के वर गेला की काढतो’ हे वाक्य इथे चालत नाही.

त्याखेरीज केवळ प्रमाण कमी करण्यासाठी काही काढायचं असेल तर तीन-चार महिन्यांच्या ठरलेल्या तारखांना समान हप्त्यांत काढा. तारखा कॅलेंडरवर आधीच लिहा. बातमी बघून तारीख हलवायची नाही.

दुपारी तीनच्या आत विनंती दिली तर त्याच दिवसाची एनएव्ही (युनिटचा भाव) मिळते. अर्जात ‘रक्कम’ की ‘सर्व युनिट’ हा रकाना नीट बघा. ‘सर्व युनिट’वर चुकून खूण करून पूर्ण फंड विकणारे कमी नाहीत. एकदा विकल्यावर पुढचा महिनाभर त्या फंडाचा भाव बघू नका. तो बहुधा वर जाईल, आणि मग तुम्ही परत घ्याल.

## टप्पा ९: एसआयपी आणि परतीचा नियम

बाजार तापला की लोक पहिली गोष्ट एसआयपी बंद करतात आणि ५२ लाखांना हात लावत नाहीत. दहा हजारांची एसआयपी म्हणजे वर्षाला १.२ लाख. ५२ लाखांना दहा टक्के घसरण लागली तर ५.२ लाख. धोका कुठे आहे ते उघड आहे. सात वर्षांहून लांबच्या कामाची एसआयपी चालू राहू द्या. हवं तर स्मॉलकॅपची वळवून इंडेक्स फंडात न्या.

मग परतीचा नियम लिहा. आपलं जोडपं असं लिहील: दरवर्षी पाडव्याच्या आठवड्यात प्रमाण बघायचं. बाजारातला हिस्सा ५० टक्क्यांवर गेला तर ४५ वर आणायचा. ४० च्या खाली गेला तर वाढवायचा.

वाढवायचा, पण कशातून? ‘पडल्यावर घेईन’ म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. ४० लाख ३० टक्क्यांनी पडून २८ झाले, बाकीचे ५० तसेच राहिले, तर एकूण ७८ आणि बाजारातला हिस्सा ३६ टक्के. ४५ वर आणायला सात लाख लागतील. त्या ५० लाखांतले २५ पीएफ-पीपीएफमध्ये बंद, २० फीचे आणि अडीनडीचे. मोकळं उरलं ते सोनं, पाच लाख. म्हणजे या कुटुंबाकडे स्वस्तात खरेदी करायची गंगाजळी जवळपास नाहीच. त्यांचा खरा नियम इतकाच: बाजार पडला तर मासिक बचतीतली एसआयपी वाढवायची. फीच्या पैशांनी तळ गाठायला जायचं नाही, मोह कितीही होवो.

## आधीच सगळं विकून बसला असाल तर

टप्पा २ आणि ३ आत्ता करा. लांबच्या मुदतीचे जे पैसे बाजारात हवेत तेवढेच परत न्या. १२ ते १८ महिन्यांच्या समान हप्त्यांत. विकलेल्या भावाच्या खाली आला की घेऊ, ही अट घालू नका. तो भाव कित्येकदा परत येत नाही. ज्या फंड कंपनीची इक्विटी योजना हवी तिच्याच लिक्विड फंडात रक्कम टाकून एसटीपी, म्हणजे ठरलेली रक्कम हप्त्यांनी दुसऱ्या योजनेत वळवायची सोय, लावा, कारण एसटीपी एका कंपनीच्या दोन योजनांतच चालतो. त्यातला प्रत्येक हप्ता लिक्विड फंडाची विक्री धरला जातो, तेव्हा वर्षअखेरीस त्याचंही भांडवली नफ्याचं पत्रक मागवा. आणि एसटीपीचा अर्ज देताना शेवटची तारीख रिकामी सोडू नका.